‘सी ऑफ थीव्ज’ : समीक्षकांचे गुण आणि आमचे गलबत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने नवा कॉम्प्युटर जुळवून घेतला आणि घरी येऊन पहिला प्रश्न विचारला तो असा : "मामा, ‘सी ऑफ थीव्ज’ घेऊ का? तू तर इतकी वर्षं खेळतोयस, पण समीक्षकांनी त्याला शंभरात सत्तरसुद्धा दिलेले नाहीत." प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देता देता त्या संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात दोन तासांची चर्चा झाली. पुढच्या रविवारी मित्रांसोबत बसलो असताना ती आणखी वाढली आणि अजूनही पूर्णपणे मिटलेली नाही. हा खेळ विकत घेण्याजोगा आहे की नाही हे सांगणे सोपे आहे. त्याचे २०१८ मधले परीक्षण आज प्रमाण मानावे की नाही, हे सांगणे मात्र अवघड आहे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून देता येत नाही, म्हणून दोन्ही गोष्टींबद्दल लिहितो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधील ट्वायक्रॉस येथील ‘रेअर’ या स्टुडिओने हा खेळ तयार केला. १९८५ मध्ये स्थापन झालेला आणि २००२ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असलेला हा स्टुडिओ जुन्या खेळाडूंना नीट परिचित आहे. २० मार्च २०१८ रोजी खेळ एक्सबॉक्सवर आणि पीसीवर आला, ३ जून २०२० रोजी स्टीम या पीसीवरच्या ऑनलाइन खेळ-दुकानात आणि ३० एप्रिल २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ वर. तुम्ही समुद्री चाचे असता. दोघांचे छोटे ‘स्लूप’ किंवा चौघांचे मोठे ‘गॅलियन’ घेऊन, नकाशे वाचत बेटांवर जायचे, पेट्या उकरून काढायच्या आणि त्या बंदरावर नेऊन विकायच्या. जहाज आपोआप चालत नाही. शिडे कोणीतरी सोडावी लागतात, ती वाऱ्याकडे वळवावी लागतात, नांगर सर्वांनी मिळून उचलला तरच लवकर वर येतो, आणि सुकाणू धरणाऱ्याला समोरच्या शिडामुळे बहुतेक वेळा पुढचे काहीच दिसत नसल्याने दुसऱ्या कोणीतरी ओरडून दिशा सांगावी लागते. तोफेचा गोळा लागला की बुडाला भोक पडते, पाणी भरते, मग एकाने फळ्या ठोकायच्या आणि दुसऱ्याने बादलीने पाणी उपसायचे. याच समुद्रावर तुमच्यासारखीच इतर खरी माणसे फिरत असतात, आणि बंदरावर विकली जाईपर्यंत कोणतीही पेटी कोणाचीही नसते.

समीक्षकांचा मुख्य आक्षेप पहिल्याच आठवड्यात स्थिर झाला होता आणि तो जवळपास सर्वांनी थोड्याफार फरकाने मांडला : समुद्र अप्रतिम आहे, लाटांवर पडणारा प्रकाश आजवर कोणत्याही खेळात दिसला नव्हता असा आहे, पण या समुद्रावर करायचे काय? सुरुवातीला काम देणाऱ्या तीनच संस्था होत्या. एकीसाठी खजिना खणायचा, दुसरीसाठी शापित सांगाडे मारून त्यांच्या कवट्या आणायच्या आणि तिसरीसाठी कोंबड्या, डुकरे किंवा माल पोहोचवायचा. त्याखेरीज कवटीच्या आकाराच्या ढगाखालचे किल्ले आणि अधूनमधून वर येणारा क्राकेन हा समुद्री राक्षस. तिन्ही संस्थांमध्ये पन्नासाव्या पातळीपर्यंत पोहोचले की तुम्ही ‘पायरेट लेजंड’ होता, पण तोवरचे बक्षीस म्हणजे कपडे, शिडांचे रंग आणि हत्यारांची नक्षी. हत्यारांची ताकद तीच राहते. साठ डॉलर घेऊन एवढेच दिले, असा सूर होता. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावरची सरासरी सत्तरीच्या किंचित खाली थांबली ती यामुळे.

हे आक्षेप चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पहिल्या दिवसांत सर्व्हरवर इतका ताण आला की अनेकांना समुद्रात उतरताच येत नव्हते, आणि ज्या खेळाचा जीवच इतर खेळाडूंमध्ये आहे तो अशा अवस्थेत तपासून त्याच आठवड्यात निकाल द्यावा लागणे हे कोणत्याही समीक्षकासाठी कठीण काम होते. तरीही एक बाब बहुतेक परीक्षणांत पुरेशी तोलली गेली नाही. हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा पहिला खेळ होता जो प्रसिद्धीच्या दिवसापासूनच गेम पास या मासिक वर्गणीत मिळत होता. साठ डॉलर देऊन घेणारा आणि तेव्हाचे महिन्याचे दहा डॉलर देऊन डोकावणारा हे दोन वेगळे ग्राहक आहेत. त्यांना एकाच आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि तरीही आकडा एकच छापला गेला.

एकत्र खेळणाऱ्या आमच्या चौघांतला एक मित्र निफाडचा आहे. त्याची द्राक्षबाग आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघत असताना तो आमच्यासाठी जवळजवळ अदृश्य असतो. त्याचे म्हणणे असे की, अशा खेळाला पहिल्या आठवड्यात गुण देणे म्हणजे लावणीच्या वर्षीच बागेला घड मागण्यासारखे आहे. वेलीला ओलांडे धरू द्यावेत, मांडव भरू द्यावा, मग बोलावे. त्याच्या या म्हणण्यावर आम्ही सगळे मान डोलावत होतो. तेव्हा आमच्यात वयाने मोठा असलेला आणि सातपूरच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा मित्र, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याने शांतपणे विचारले, "नर्सरीवाल्याने तुझ्याकडून रोपाचे पैसे घेतले की बागेचे?" निफाडकर थांबला. दादा पुढे म्हणाला, "रोपाचे घेतले असते तर मी तुझ्या बाजूने बोललो असतो. यांनी भरलेल्या बागेचे घेतले. मग तपासणाराने मांडवाखाली जाऊन घड मोजले तर त्याचं काय चुकलं?"

दादाच्या या प्रश्नाला आजही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि म्हणूनच ‘अपडेट आले, समीक्षक खोटे ठरले’ असे जे या खेळाचे चाहते उत्साहाने म्हणतात ते मला पटत नाही. परीक्षण हे त्या दिवशी विकल्या गेलेल्या वस्तूचे असते. २०१९ मध्ये काही चांगले मिळाले म्हणून २०१८ मध्ये पैसे दिलेल्या माणसाचे तीन महिन्यांचे कंटाळवाणे तास भरून निघत नाहीत. नाट्यसमीक्षेत हा पेच आपल्याला जुना आहे. कालिदास कलामंदिरात शुभारंभाचा प्रयोग पाहून कोणी लिहिले की दुसरा अंक लांबला आहे, आणि पंचविसाव्या प्रयोगापर्यंत तो अंक आटोपशीर झाला, तर पहिल्या लिहिण्यात खोटेपणा येत नाही. फरक एवढाच की नाटकाचे ते परीक्षण वर्तमानपत्राबरोबर जुने होते, तर खेळाला मिळालेला आकडा त्याच्या नावाला कायमचा चिकटून राहतो आणि सात वर्षांनी नाशिकमधला एक एकोणीस वर्षांचा मुलगा तो आजचा समजून वाचतो.

या पेचावर उपाय शोधण्याचे प्रयत्न समीक्षकांनीही केले आहेत आणि ते सोपे नाहीत हे एका जुन्या उदाहरणावरून कळते. २०१३ मध्ये शहर उभारण्याचा ‘सिमसिटी’ हा खेळ आला तेव्हा ‘पॉलिगॉन’ या खेळांविषयीच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी ९.५ गुण दिले होते. सतत इंटरनेटची सक्ती असलेल्या त्या खेळाचे सर्व्हर कोसळले तेव्हा तेच गुण ८ वर आणि मग ४ वर आणले गेले, आणि परिस्थिती सुधारल्यावर ते ६.५ केले गेले. प्रत्येक वेळचा आकडा त्या दिवसापुरता प्रामाणिक होता, पण एकाच वस्तूला चार आकडे मिळाल्यावर वाचकाने कोणता धरायचा? पुढे २०१८ मध्ये पॉलिगॉनने गुण देणेच थांबवले. मला तो निर्णय योग्य वाटतो. दादाला तो जबाबदारी टाळणे वाटतो, कारण त्याच्या मते मोजमाप न देणारा तपासनीस कारखान्याला काही उपयोगाचा नाही.

परंतु माझी समीक्षकांविषयीची खरी तक्रार वेळेची नाही, मोजपट्टीची आहे, आणि ती सांगण्यासाठी एक प्रसंग सांगावा लागेल.

२०२१ च्या जुलैमधली पावसाची रात्र होती. चौघे गॅलियनवर होतो : मी, निफाडकर, दादा आणि माझी मामेबहीण, जी पंचवटीत राहते आणि आमच्यात सर्वांत चांगले नकाशे वाचते. एका बेटावर तिने खुणेवरून जागा अचूक काढली आणि खणल्यावर निघाली ती रडणारी पेटी. या खेळात एक अशी पेटी आहे जी मधूनमधून रडू लागते आणि तिच्या अश्रूंनी जहाजात पाणी भरू लागते. ती मोलाची असते, पण तिच्याजवळ एक माणूस बादली घेऊन कायम बसवावा लागतो. ते काम मामेबहिणीकडे आले. बंदराकडे निघालो आणि क्षितिजावर एक स्लूप दिसले. दहा मिनिटांत स्पष्ट झाले की ते आमच्याच मागे आहे. नेमके त्याच वेळी पंचवटीतली वीज गेली. जहाजावरची बहिणीची आकृती नाहीशी झाली, आणि तळमजल्यावर पेटी रडत राहिली.

चौघांचे जहाज तिघांनी चालवणे म्हणजे काय हे त्या पाऊण तासात आम्हाला कळले. दादा सुकाणूवर, निफाडकर शिडे आणि तोफ यांच्यामध्ये धावत, मी खाली पाणी उपसत आणि फळ्या ठोकत. "बुडातलं पाणी गुडघ्यावर आलंय", "थोडं डावीकडे घे, खडक आहे", "पेटी टाकून देऊ का रे?" अशी वाक्ये चालू होती. पेटी टाकायची नाही असे तिघांनीही एका सुरात ठरवले, कारण ती तिने शोधली होती. बंदराचा धक्का दिसू लागला असतानाच दोन गोळे एकदम बुडाला लागले आणि गॅलियन खाली गेले. स्लूपवरच्या दोघांनी तरंगणारी पेटी उचलली आणि आमच्या डोळ्यांदेखत धक्क्यावर नेऊन विकली. वीस मिनिटांनी वीज आली, बहीण परत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "पेटी पोचली का?" त्या रात्रीचे बोलणे आम्ही आजही काढतो. एकूण सहाशेहून अधिक तासांत मिळवलेल्या सोन्याचा आकडा मात्र आमच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही.

या प्रसंगात जे जे होते, म्हणजे गॅलियन, स्लूप, रडणारी पेटी, बादली, फळ्या, तोफा, आणि विकेपर्यंत खजिना कोणाचाच नसण्याचा नियम, त्यातली एकही गोष्ट नंतरच्या अपडेटमधून आलेली नव्हती. ते सर्व २० मार्च २०१८ रोजी खेळात होते. समीक्षकांनी ते पाहिलेही होते, आणि बहुतेकांनी ‘मित्रांसोबत असाल तर मजा आहे’ अशा एका वाक्यात नोंदवले होते. पण गुण देताना त्यांनी मोजली ती कामांची यादी : किती मोहिमा, किती शत्रू, किती बक्षिसे. मित्रांसोबत कोणताही खेळ मजेचा होतो, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. या खेळात मैत्रीला काम दिलेले आहे. जहाजाची रचनाच अशी आहे की एकाला सगळे दिसत नाही आणि एकाला सगळे करता येत नाही. पहिल्या दिवशीच्या आणि पाचव्या वर्षीच्या खेळाडूच्या हातात सारख्याच ताकदीचे पिस्तूल आहे, त्यामुळे माझा भाचा आज आमच्या जहाजावर चढला तर तो पहिल्या मिनिटापासून पूर्ण उपयोगाचा खलाशी असेल. ज्याला समीक्षक प्रगतीचा अभाव म्हणत होते तीच ही रचना आहे. नव्या-जुन्या मित्रांना एकत्र ठेवणारा याहून चांगला उपाय मी दुसऱ्या ऑनलाइन खेळात पाहिलेला नाही.

मग अपडेटनी काय दिले? पुष्कळ दिले, आणि ते सारखेच मोलाचे नाही. मे २०१८ मध्ये महाकाय मेगॅलोडॉन मासा आला, जुलैमध्ये तिघांसाठीचे ‘ब्रिगँटीन’ जहाज आले, जे खरे तर पहिल्या दिवशीच हवे होते, आणि सप्टेंबरमध्ये ज्वालामुखींचा प्रदेश आला. एप्रिल २०१९ च्या वर्धापन अपडेटने मात्र खेळाला पहिल्यांदा गोष्ट दिली. ‘टॉल टेल्स’ या कथामोहिमांमध्ये जुन्या रोजनिशा वाचून, कोड्यांची उत्तरे शोधून बेटामागून बेट शोधायचे असते, आणि त्यातही समुद्र सर्वांचा असल्याने कथेच्या मध्यावर परका कोणीतरी तुमच्या जहाजावर चढू शकतो. मामेबहिणीने या कथा तीनदा पूर्ण केल्या आहेत. जून २०२१ मध्ये डिस्नेच्या चाचेपटांतल्या जॅक स्पॅरोला घेऊन आलेली कथा देखणी आहे, पण तिथे जहाज मागे राहते आणि आपण रुळावरून जात असल्यासारखे पुढे सरकतो. अनेकांना ती या खेळाचा उत्कर्ष वाटते. मला ती दुसऱ्याच खेळातून आणून ठेवल्यासारखी वाटते.

त्याच २०१९ च्या अपडेटमध्ये ‘अरीना’ नावाचा झटपट लढाईचा वेगळा विभाग आला होता. तेव्हाच्या लिखाणात त्याचे कौतुकही आढळते. मार्च २०२२ मध्ये तो बंद करण्यात आला. म्हणजे २०१८ चे परीक्षण जसे आज अपुरे आहे, तसेच २०१९ चे कौतुकही आज अस्तित्वात नसलेल्या गोष्टीचे आहे. बदलता खेळ फक्त वाढत जातो असे आपण गृहीत धरतो, पण तो कमीही होतो. स्टीमवर अलीकडचे अभिप्राय आणि एकूण अभिप्राय वेगळे दाखवले जातात, ती सोय या दृष्टीने समीक्षकांच्या सरासरीपेक्षा अधिक कामाची आहे, जरी त्या अभिप्रायांत कालच्या पराभवाचा राग पुष्कळ मिसळलेला असतो.

आमच्यात सर्वाधिक वाद झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘सेफर सीज’वरून. यात तुम्ही आणि तुमचे साथीदार एवढ्यांचाच समुद्र मिळतो, दुसरे कोणी खेळाडू नसतात, आणि त्या बदल्यात सुरुवातीला खजिन्याचे मोल बरेच कमी ठेवले होते. निफाडकराला वाटले की खेळाचा कणाच काढला. मला सुरुवातीला तसेच वाटले. पण मामेबहिणीने सांगितले ते ऐकून मी मत बदलले. परक्या जहाजांवरून आवाजात येणाऱ्या शिव्या ती पहिल्या महिन्यापासून ऐकत आली आहे, आणि बाईचा आवाज ओळखला की त्या कोणत्या थराला जातात हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. तिने केव्हापासूनच माइक फक्त आमच्यापुरता ठेवला होता, हे आमच्यातल्या कोणाच्या लक्षातही आले नव्हते. खुल्या समुद्राचे गोडवे गाणारी परीक्षणे, आणि हे माझेही, ही किंमत कोण चुकवते हे क्वचितच विचारतात.

नाशिकहून खेळताना आणखी काही अडचणी आहेत. आमच्याकडे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, बहुधा दीडशे मिलिसेकंदांच्या वर असतो. जहाज चालवताना तो जाणवत नाही, पण तलवारीच्या झटापटीत वार बसला असे दिसूनही बसत नाही, आणि खेळाडू ज्याला ‘हिटरेग’ची अडचण म्हणतात ती कमी पिंग असलेल्यांनाही इतक्या वर्षांनंतर भोगावी लागते. हा दोष रेअरचा आहे आणि नव्या कथांऐवजी आधी तो दूर व्हायला हवा होता. दुसरे म्हणजे, बैठक दोन-अडीच तासांची लागते. मध्ये नेट गेले किंवा घरात कोणी हाक मारली तर खजिना समुद्रावर राहतो. अर्ध्या तासाची उसंत मिळणाऱ्या माणसासाठी हा खेळ नाही, आणि गुणांच्या आकड्याने हे कधीच कळत नाही.

भाच्याला मी शेवटी असे सांगितले : एकटा असशील तर घेऊ नकोस, त्या बाबतीत २०१८ चे समीक्षक आजही बरोबर आहेत. एक जरी पक्का साथीदार असेल तर स्टीमवर सवलत लागेल तेव्हा घे. पहिल्या दोन संध्याकाळी सेफर सीजमध्ये शिडे, नांगर आणि फळ्या हाताखालून जाऊ दे, आणि मग तिथे रेंगाळू नकोस. दादाला विचारले तर तो अजूनही शंभरात एकोणसत्तरच देतो, आणि शनिवारी रात्री दहा वाजता सुकाणूवर सर्वांत आधी हजर असतो. भाच्याने खेळ डिसेंबरमध्ये घेतला. मार्चपर्यंत निफाडकराची जागा रिकामीच असल्याने सध्या गॅलियनवर शिडे तो सांभाळतो.